किहीमकर : एका यहुदी आडनावाचा मराठी पत्ता

आडनावावरून माणसाचा धर्म ओळखता येतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. ‘किहीमकर’ हे आडनाव या समजाला छेद देते. रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम गावावरून ते आले. परंतु ते इतिहासात नोंदवून ठेवणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुदी समाजाचे होते.

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. पुढे त्यांचे वंशज कुलाब्याच्या गावागावांत पसरले व तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ज्या गावात घर, त्या गावाला ‘कर’ प्रत्यय जोडून आडनाव, ही कोकणची रीतच त्यांनी स्वीकारली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर अशी शंभराहून अधिक आडनावे त्यांच्यात आढळतात.

व्यक्तिनामेही मराठी वळणाची झाली. 1796 मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव : नावाची ही बांधणी अस्सल मराठी आहे.

हाईम किहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. समाजाचा इतिहास त्यांनी 1897 मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1937 मध्ये, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

नोकरी-व्यवसायानिमित्त ही आडनावे मुंबई, पुणे, ठाणे, अहमदाबाद, कराची येथे गेली. शहरांत काही कुटुंबांनी गावाचे नाव सोडून पूर्वजांचे बायबलमधील नाव आडनाव म्हणून लावले. 1948 नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला गेला. तेथील लोद, अश्दोद, दिमोना या शहरांत कोकणातील गावांची नावे आजही दारावरच्या पाट्यांवर आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर केवळ आडनावाने भाषा सिद्ध होत नाही. ‘कर’ हा प्रत्यय कोकणीभाषकांतही आहे, आणि पेणकर हा हिंदू असेल की यहुदी, हे त्या आडनावावरून कळत नाही. मात्र आडनावाला घरातील बोली, पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवास आणि भाषेत केलेले काम यांची जोड मिळाली, की पुरावा भक्कम होतो. बेने इस्राएलांच्या बाबतीत ही जोड पुरेपूर आहे. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ एझिकेल राजपूरकर हे त्याच समाजाचे.

आम्ही सीमावासी मराठीचा हक्क मांडतो, तेव्हा तो एका धर्माचा किंवा एका जातीचा हक्क म्हणून मोजला जाऊ नये, याविषयी आम्ही दक्ष असले पाहिजे. शनिवारी घाणा थांबवणाऱ्या किहीमकरांचा धर्म वेगळा होता. भाषा मात्र आमचीच होती, आणि तिच्यावरील त्यांचा हक्क आमच्याहून तसूभरही कमी नव्हता.