काळी नदी आणि रात्रीची चित्रशाळा

चित्रकला ही फुरसत असलेल्यांची विद्या, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हा समज कानी आला की आम्हांस प्रश्न पडतो, ही फुरसत कोणाला होती व ती मिळाली कशी? मँचेस्टरचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

मँचेस्टर हे कापडाचे शहर. इर्वेल, मेडलॉक व इर्क या तेथल्या नद्या. त्यांच्या काठी गिरण्या, रंगाचे कारखाने व वखारी उभ्या राहिल्या आणि पाणी काळे पडले. इर्कच्या काठची घाण एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. असल्या नदीकाठी चित्राचे सामान मांडून कोण बसणार?

बसला तो एक फ्रेंच माणूस. आदॉल्फ व्हॅलेत १९०५ च्या सुमारास या शहरात आला. दिवसा तो एका छापखान्यासाठी शुभेच्छापत्रांची व कॅलेंडरांची चित्रे काढी आणि संध्याकाळी म्युनिसिपल कलाशाळेच्या वर्गात शिके. पुढे त्याच शाळेत तो शिक्षक झाला. विद्यार्थ्यांसमोर स्वतः कुंचला चालवून दाखवावयाचा, ही त्याची रीत.

धुरकट नदी तैलरंगात कशी उतरते? दूरची इमारत रेखीव काढावयाची नाही. अंतराबरोबर गडद-फिक्यातला फरक कमी करीत जावयाचे. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे काठाची हुबेहूब नक्कल नव्हे. उजळ वस्तू पाण्यात किंचित मंद दिसते, काळी वस्तू किंचित फिकी. शिवाय तैलरंग लवकर वाळत नाही, म्हणून अपुरे राहिलेले काम दुसऱ्या संध्याकाळी पुढे नेता येते. नोकरदारास ही मोठीच सोय!

व्हॅलेतचे १९१२ चे ‘इंडिया हाउस’ हे चित्र मेडलॉकच्या काठचे आहे. १९०६ साली बांधलेली ही कापड बांधून रवाना करण्याची वखार निळसर धुक्यात तरंगल्यासारखी दिसते. चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु त्या नावाशी आम्ही अडखळतो. मँचेस्टरच्या कापडाची मोठी बाजारपेठ हिंदुस्थान होती, आणि त्या कापडापुढे आमच्या कितीतरी विणकरांचे माग बंद पडले होते.

याच शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात लॉरी हा तरुण कारकून शिकला. १९१० पासून १९५२ पर्यंत तो घरभाडे वसूल करण्याच्या कचेरीत नोकरीस होता. ज्यांच्या दारी भाडे मागावयास जाई, तीच माणसे तो रात्री रंगवी. भाडेवसुली करणाऱ्यांचा आम्हांस प्रेमाने विचार करण्याची सवय नाही. तरी न्याय केलाच पाहिजे. गुरूने धुराला सौंदर्य दिले. शिष्याने धुक्याचा पडदा बाजूला सारला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याने चिमण्या, काळे पाणी व वाकून चालणारी माणसे स्पष्ट उभी केली. काळा, शेंदरी, निळा, पिवळी माती व पांढरा, एवढे पाचच रंग त्याला पुरले.

आता मुंबईकडे पाहा. त्याच सुमारास, १९११ च्या कायद्याने, आमच्या कापडगिरण्यांतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. आणि तीही सुधारणाच होती! बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री कोणती चित्रशाळा गाठणार? गिरणगावात व्हॅलेतची नजर असलेले तरुण नव्हते, असे आम्ही मानीत नाही. त्यांच्यापाशी उरलेली संध्याकाळ नव्हती. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायद्यात यावयास १९४६ साल उजाडले.

म्हणून आम्ही म्हणतो, कामाच्या तासांचा लढा हा केवळ विश्रांतीचा लढा नव्हे. माणसाने आपले शहर, आपली नदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, तिचे चित्र आपल्या हाताने काढावे, हाही त्यातला हक्क आहे. आपल्या गावाला नदी आहे. रात्रीचा एखादा चित्रवर्ग आहे काय, याची चौकशी श्रोत्यांनी नगरपालिकेकडे अवश्य करावी.