पेशवे-पोर्तुगीज तह (१७७९)

पुणे दरबार आणि गोव्याचे पोर्तुगीज सरकार यांच्यात १७ डिसेंबर १७७९ रोजी ठरलेला मैत्रीचा तह. दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली ती या तहामुळे. पुढे १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला त्याच्या मराठी मजकुराचा अर्थ लावावा लागला.

पोर्तुगाल आकाराने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. १५१० मध्ये गोवा घेतल्यापासून त्याचा धाक होता तो समुद्रावर. जमिनीवर शेजाऱ्यांशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाजी महाराजांशी १६६७ व १६७० मध्ये तह झाले, १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोवा जेरीस आणला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेत पोर्तुगीजांकडे अखेर दमण व दीव एवढेच उरले. त्यानंतर पुण्याकडे त्यांची भिस्त तोफांपेक्षा वकिलांवर अधिक राहिली. हे वकील बहुधा गोव्यातले सारस्वत. राजा लिस्बनचा, पण दरबारी बोलणी मराठीत, असा हा मामला होता. नारायण शेणवी धुमे आणि नंतरचे विठ्ठलराव वालावलीकर ही त्यांतली ठळक नावे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यातून ही मंडळी उजेडात आणली नसती, तर मराठ्यांच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली असती की नाही, शंकाच आहे.

तहामागचे निमित्त होते एका जहाजाचे. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज लढाऊ जहाज पकडले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला लोणी काळभोरजवळच्या थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. मग नारायणरावांचा खून, राघोबादादांचा दावा, बारभाईंचे राजकारण. त्यात जहाजाच्या भरपाईचे प्रकरण रेंगाळले. १७७९ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलेले असताना गोवेकरांनी इंग्रजांच्या बाजूला जाणे नाना फडणिसांना परवडणारे नव्हते. जहाजाच्या बदल्यात दमण भागातील बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून द्यायचे ठरले. वचन दिले खरे. गावे देताना मात्र पुण्याने हात आखडता घेतला. नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात आली १७८३ मध्ये, दादरा १७८५ मध्ये. दोन्ही मिळून आज बहात्तर गावे भरतात.

पेशव्यांनी नेमके काय दिले, यावरच पुढचा सारा वाद उभा राहिला. सरंजामात धन्याला गावचा वसूल मिळे आणि वसुलापुरता कारभारही त्याच्याकडे असे, पण राज्य सरकारचेच राही आणि सरकार सरंजाम काढूनही घेऊ शके. कारकुनी रिवाजाने पाहिले, तर ही बहात्तर गावे त्याच जातीची. १८१८ नंतर इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांना तिथले राज्यकर्ते म्हणून वागवले आणि वसुलाचे धनी हळूहळू मुलखाचे मालक झाले. दमणहून तिथे जायचे तर मध्ये इंग्रजांचा मुलूख लागे. १९४७ नंतर तोच भारताचा झाला.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली. नगर हवेलीतले मुख्य ठाणे सिल्वासा २ ऑगस्टला हाती आले. या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. भारताने पोर्तुगीजांची वाट अडवल्यामुळे पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगला दावा लावला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाडांनी मांडली. भारताने नेमलेले खास न्यायाधीश होते महम्मद करीम छागला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालाने दोघांनाही थोडे थोडे दिले. मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. मात्र इंग्रजी अमदानीतील वहिवाटीमुळे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला. फौज, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रे यांना तो नाकारला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. निकाल लागला तेव्हा तिथे पोर्तुगीज उरलेच नव्हते, त्यामुळे मान्य झालेला हक्क कागदावरच राहिला. ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात आला, डिसेंबरात गोवाही मुक्त झाला. लिस्बनने हे मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्ली कराराने. त्यावर पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरिश यांची सही आहे आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची.