आंध जमातीचे नाव : प्राचीन उल्लेख आणि व्युत्पत्तीचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी व औंढा नागनाथ परिसरात आंध जमातीची वस्ती आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पहिलेच नाव या जमातीचे आहे. अर्थात हा मान इंग्रजी वर्णक्रमाचा. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात आंध हे आंध्र देशातून आलेले अनार्य लोक असावेत, असे मत मांडले. या मताचा मुख्य आधार नामसादृश्य हाच होता.

‘आंध्र’ हे लोकनाम प्राचीन आहे. ऐतरेय ब्राह्मणात पुंड्र, शबर, पुलिंद यांच्यासमवेत, तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पुलिंदांच्या जोडीने ते येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने लॅटिनमध्ये ‘अंदारे’ लोकांची तटबंदीची ३० नगरे, १,००,००० पायदळ, २,००० घोडदळ व १,००० हत्ती नोंदविले. मात्र परक्याने लिहिलेले नाव म्हणजे स्वतःचे नाव नव्हे. गॉलमधील जे लोक स्वतःस केल्ट म्हणवीत, त्यांना रोमन लोक गॉल म्हणत, हे सीझरनेच नमूद केले आहे. सातवाहनांची स्थितीही निराळी नाही. पुराणे त्यांना आंध्र म्हणतात. नाणेघाट व नाशिक येथील त्यांच्या लेखांत हे नाव नाही. केवळ नावावरून आंधांना सातवाहनांचे वंशज ठरविणे त्यामुळे धाडसाचे ठरते.

ध्वनिदृष्ट्या ‘आंध्र’पासून ‘आंध’ होण्यास अडचण नाही. प्राकृतात रकार लोपतो. पल्लव शिवस्कंदवर्मनच्या मैदवोलु ताम्रपटात ‘अंधापथ’ असेच रूप आहे. अनुनासिकयुक्त जोडाक्षरापूर्वीचा ‘अ’ मराठीत दीर्घ होतो, जसे दन्त–दात. पण याच नियमाने ‘अन्ध’पासून ‘आंधळा’ही सिद्ध होतो. ध्वनिनियम व्युत्पत्तीची शक्यता दाखवितो, वंशावळ देत नाही. नेमका हाच भेद स्थानिक इतिहासलेखनात अनेकदा पुसला जातो.

शिवाय आंधांची बोली मराठीची आहे. रसेल-हिरालाल यांनीच नोंदविलेल्या वरताटी व खालताटी या पोटविभागांच्या नावांतील ‘वर’ आणि ‘खाल’ हे शब्दही मराठीच आहेत. तेलुगू प्रदेशातून स्थलांतर झाले असे मानावयाचे, तर जमातीच्या बोलीत, आडनावांत आणि कुलदैवतांच्या नावांत तेलुगूच्या खुणा शोधून दाखविण्याची जबाबदारी तसे मानणाऱ्यावर येते.