आधी कायदा, मागाहून संशोधन

फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात आहारातील फेनिलॅलनीन हे द्रव्य रक्तात साचून मेंदूस इजा होते. अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून तो ओळखण्याची स्वस्त रीत अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी काढली. तिच्या चाचणीस संघसरकारच्या चिल्ड्रेन्स ब्यूरोने द्रव्यसाहाय्य दिले. १९६३ पर्यंत २९ राज्यांत सुमारे ४ लक्ष अर्भके तपासली गेली व ३९ रोगी आढळले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने तपासणी सक्तीची केली. पाठोपाठ बहुतेक राज्यांनीही.

उपचार आहाराचाच होता. त्याचा गुण होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे १९५३ मध्येच दाखविला होता. तथापि पथ्य किती कडक ठेवावे, केव्हा सोडावे, किंबहुना हे द्रव्य वाढलेले प्रत्येक मूल रोगीच मानावे काय, हे अनिश्चित होते. अतिरेकी पथ्याने कुपोषण झाल्याची उदाहरणेही घडली. चाचणीच्या वाट्यास आलेली तत्परता या प्रश्नांच्या वाट्यास आली नाही, हे नमूद केले पाहिजे. अनेक रुग्णालयांचा संयुक्त अभ्यास ब्यूरोच्याच निधीतून सुरू झाला तो १९६७ मध्ये. पथ्य सोडणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक ते पाळणाऱ्यांच्या मानाने घसरतो, हे त्यातून पुढे उघड झाले. तोवर कित्येक मुलांचे पथ्य डॉक्टरांच्याच सल्ल्याने पाचव्या-सहाव्या वर्षी सुटलेले होते.