पुठ्ठ्याची तिकिटे, वऱ्हाडातील

अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती आणि त्यांना जोडलेल्या लहान मार्गांवरील रेल्वेची जुनी छापील तिकिटे. आकार सुमारे ५७ × ३१ मिमी. ही पद्धत टॉमस एडमंडसन (१७९२–१८५१) या इंग्रज स्टेशनमास्तरची. मूळचा सुतारकाम करणारा हा माणूस. १८३६ नंतर त्याने अनुक्रमांक छापलेली तिकिटे आणि त्यांवर तारीख उठवणारे यंत्र प्रचारात आणले. भारतात ती दीडशे वर्षांच्या आसपास चालली. संगणकावर निघणाऱ्या कागदी तिकिटांनी त्यांना हटवले.

संग्राहकाला सर्वांत जास्त छळतो तो ‘शकुंतला’ या गाडीचा संच. मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किमी) आणि मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किमी) या अडीच फुटी रुळांच्या मार्गांची मालकी किलिक निक्सन या कंपनीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. गाड्या मात्र आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने आणि १९५१ नंतर मध्य रेल्वेने चालवल्या. दर्यापूरच्या प्रवाशाचे स्थानक बनोसा, अचलपूरचे जुने सरकारी नाव एलिचपूर. त्यामुळे गाव तेच, पण तिकिटावरचे नाव वेगळे, अशी गल्लत नवख्याची हमखास होते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. तो छापलेले तिकीट मिळाले तर निदान काळाची एक बाजू पक्की होते.

अकोल्याचे प्रकरण निराळे. एकाच स्थानकात मुंबई–नागपूरची रुंद वाट मध्य रेल्वेची आणि पूर्णा–खांडवा ही मीटरगेज, १९६६ मध्ये झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेची होती. खांडव्याकडची गाडी अकोट सोडून मेळघाटच्या जंगलात शिरे आणि धूळघाटाजवळ स्वतःच्याच वाटेवरून वळसा घेत चढे. त्या भागातल्या आडस्थानकांची तिकिटे हाती आली तर संग्राहक ती सहसा बदलीत देत नाही.

दुर्मिळतेचे कारण मजेशीर आहे. अमेरिकेत १९०९–११ च्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रपत्त्यांत होनस वॅगनरचा पत्ता फार दुर्मिळ, कारण त्याची छपाईच लवकर थांबली. रेल्वेचे तिकीट उलट भरपूर छापले जाई, पण प्रवास संपला की टीसी ते दारातच काढून घेई आणि पुढे ते नष्ट होई. म्हणजे वापरलेले तिकीट टिकले, तर नियम कुठेतरी चुकला म्हणूनच. उरतात ती चुकून खिशात राहिलेली, अर्ध्या तिकिटासाठी कोपरा कापलेली, किंवा स्थानक बंद होताना खिडकीच्या कप्प्यात पडून राहिलेली कोरी. फलाट तिकिटे तेवढी बरी सापडतात. त्यांना संचात धरावे की नाही यावर संग्राहकांचे एकमत नाही. माझ्या मते धरू नये.

वॅगनरच्या त्या संचात सुमारे सव्वापाचशे पत्ते आहेत, त्यांची यादी आहे, त्यामुळे किती उरले ते कळते. इथे यादीच नाही. ज्या दोन स्थानकांमध्ये जा-ये पुरेशी, त्यांचेच तिकीट छापून ठेवत; बाकीच्यांना बाबू कोऱ्या कागदी तिकिटावर गावाचे नाव हाताने लिहून देई. त्यामुळे पथ्रोट ते यवतमाळसारख्या जोडीचे पुठ्ठ्याचे तिकीट वर्षानुवर्षे शोधावे आणि ते कधी छापलेच नव्हते असे निघावे, ही शक्यता कायम असते.

खोट्याची परीक्षा तारखेवरून होते. जुने तारीखयंत्र हाती असेल तर कोऱ्या तिकिटावर हवी ती तारीख उठवता येते. म्हणून जाणकार आधी भाडे, वर्ग आणि रेल्वेचे नाव त्या तारखेशी ताडून पाहतात. अकोला–खांडवा मीटरगेज गेज रूपांतरासाठी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतरची तारीख असलेले त्या मीटरगेजचे पुठ्ठ्याचे तिकीट कोणी दाखवले, तर त्याची किंमत विचारण्याची गरज नाही.