एका कडवट पेयाचे कूळ

वर्षप्रतिपदेस कडुनिंबाचे कोवळे पान चावून नव्या वर्षास आरंभ करणाऱ्या आमच्या समाजास कडू रस परका नाही. अलीकडे लहान लहान मद्यशाळांतून मिळणाऱ्या एका कडवट बिअरने मात्र 'इंडिया' हे नाव धारण केले आहे, आणि ते तिला कोठून लाभले, हे पाहण्याजोगे आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

या पेयास 'इंडिया पेल एल' म्हणतात. पेला नाकाशी नेताच संत्र्याच्या सालीसारखा व राळेसारखा गंध येतो. प्रथम जवाची किंचित गोडी लागते, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी कडूपणा रेंगाळतो. हा सारा हॉप नामक वेलीच्या फुलांचा प्रभाव होय. वनस्पतिशास्त्राने या वेलीस आमच्या भांगेच्याच कुळात बसविले आहे. मोड आणलेल्या जवाच्या रसात ही फुले दीर्घकाळ उकळली म्हणजे कडूपणा उतरतो. अखेरीस घातली म्हणजे सुवास टिकतो. पेय आंबट करणाऱ्या जंतूंसही ती आवर घालतात, आणि म्हणून लांबच्या समुद्रप्रवासास अशी बिअर उपयोगी पडे.

लंडननजीकच्या बो येथील हॉजसन या उत्पादकाने हे पेय हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढले, अशी आख्यायिका आहे. पुरावा तिला अनुकूल नाही. भरपूर हॉप घातलेली फिकी बिअर इंग्लंडात पूर्वीपासूनच होती. हॉजसनचा कारखाना कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ होता व तो कप्तानांस लांब मुदतीच्या उधारीवर माल देई, एवढेच त्याच्या यशाचे रहस्य. १८२२ च्या सुमारास बर्टनचा ऑलसॉप या व्यापारात उतरला. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेले आढळते ते १८२९ साली, आणि तेही सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत! येणेप्रमाणे नाव आमच्या देशाचे, पण बारसे केले परक्या व्यापाऱ्यांनी.

आता हे पेय येथे येई ते कोणासाठी? मुख्यतः गोऱ्या अंमलदारांसाठी. साध्या सोल्जरांच्या वाट्यास बहुधा काळी पोर्टर येई. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांच्या मुलखात महूची छावणी वसली. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून तिकडे जाणारा आग्रा रस्ता नर्मदेचे खोरे मागे टाकून विंध्याचा घाट चढे व मानपुरास येई. सभोवती संस्थानी मुलूख असता मानपुरचा चिमुकला परगणा पुढे खुद्द इंग्रजांच्या अमलाखाली होता. छावणीची विलायती पिंपे याच वाटेने चढली असावीत, असे आमचे अनुमान आहे.

त्याच विंध्याच्या उतारांवर चैत्रात मोहाची फुले गळतात. भिल्लांच्या लग्नकार्यात व देवकार्यात त्या फुलांच्या दारूस मान आहे. परंतु कायद्याची दृष्टी निराळी होती. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला, आणि १८९२ च्या मोहोरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून आलेले पिंप हा प्रतिष्ठित माल, आणि अंगणातल्या झाडाचे गळलेले फूल संशयास पात्र! सरकारी महसुलापुढे न्यायाची तागडी कशी झुकते, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

स्वराज्यात घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीचे ध्येय पुढे ठेविले. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे, आणि २००९ साली पुण्यात निघालेल्या 'डूलाली'सारख्या मद्यशाळांस परवाना मिळतो तोही याच कायद्याच्या छत्राखाली. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, उज्जैन आदी १९ ठिकाणची मद्यविक्री बंद केली. उज्जैनच्या कालभैरवास मात्र मद्याचाच नैवेद्य दाखविला जातो. त्याच राज्याने मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून मान्यताही दिली आहे. गोव्याच्या काजूफेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले होतेच.

ही विसंगती पाहून कोणी हसेल. आम्हांस तीत उशिराने मिळू लागलेला न्याय दिसतो. कोणी पिवे वा न पिवे, हा ज्याच्या त्याच्या आचारधर्माचा प्रश्न आहे. परंतु परक्या पिंपावरील 'इंडिया' या नावाचे कौतुक करणाऱ्याने मानपुरच्या घाटातील मोहाच्या झाडास आणि त्याची फुले वेचणाऱ्या हातांस गुन्हेगार लेखू नये, इतकी अपेक्षा आम्ही अवश्य करतो.