ट्रंकेतला लष्करी कोट

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत एखादा जुना लष्करी कोट सापडतो. १९४४-४५ साली मराठा पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो तिथेच. त्या थंडीतला हा लोकरीचा कोट.

शाळेच्या संग्रहाला असा कोट मिळाला, की आपला हात आधी साबणाकडे जातो. इथेच घात होतो. गरम पाण्यात लोकर आटते, धुण्याच्या सोड्याने धागा कुजतो, उन्हात खाकी रंग विटतो. शिवाय डाग हाही पुरावाच. बाहीवर दोन फितींएवढे कापड गडद राहिले असेल, तर हा गडी नाईक झाला होता, एवढे तो कोटच सांगतो. धुतलात, की ती खूण गेली!

मग करायचे काय? आधी आहे तसा फोटो काढा. खिसे तपासा, निघेल ते टिपून ठेवा. नाकाला रुमाल बांधून, सावलीत पांढऱ्या चादरीवर कोट पसरा आणि मऊ ब्रशाने हलकेच धूळ काढा. पितळी बटणांना पॉलिश लावू नका. ते कापडात उतरते. खळ नको, इस्त्रीही नको. कसर दिसली तर कोट इतर कपड्यांपासून वेगळा ठेवा. शेवटी धुऊन वाळवलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवाच ठेवा. खुंटीवर खांदे ताणून फाटतात.

आजोबा आता सांगायला नाहीत. त्यांच्या कोटाला तरी बोलू द्या.